गाडी लेट, धंदा थंड

चुडाव्याचा टेलर कापड आणायला नांदेडला निघतो आणि गाडी दोन तास लेट. ठोक दुकानात पोहोचेपर्यंत चांगले तागे उचललेले असतात. परतीची पॅसेंजर गाठायची म्हणून भावही नीट करता येत नाही. रमजानच्या आखरी अशऱ्यात तर रोजाने ठेवलेला कारागीर मशीनवर हात बांधून बसतो, मजुरी मात्र चालूच!

परभणी–मुदखेड दुहेरी मार्ग २०२० साली झाला. पण परभणीच्या अलीकडे छत्रपती संभाजीनगरपर्यंत एकेरी रूळ. समोरची गाडी निघेपर्यंत आपली क्रॉसिंगला उभी. या टप्प्याच्या दुहेरीकरणाला केंद्राने २०२५ मध्ये मंजुरी दिली. रूळ पडेपर्यंत बंधूंनी ईदचे अस्तर, बटणे, धागा शाबानमध्येच भरावा. भांडवल अडकते खरे, पण ओळखीच्या गिऱ्हाइकाला ठोकवाला महिनाभराची उधारी देतो.