आधी निगेटिव्ह शोधा

जुने फोटो डिजिटल करायचे तर घरी स्कॅनर घ्यावा, दुकानात द्यावेत, की मोबाइलनेच काढावेत, असं तुम्ही नेहमी विचारता. त्याआधी एक पाहा: तुमच्याकडे नुसती प्रिंट आहे, की निगेटिव्हही?

आमच्या भिंतीवर आई-बाबांचा अंगणातला फोटो होता, ८ बाय १० इंचांचा. मी तो स्कॅन करून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. पुढे कपाट आवरताना त्याची निगेटिव्ह मिळाली. तिच्यात कडेला, दारात, आजी उभी होती.

झालं असं: ३५ मिमी निगेटिव्हची चौकट ३६ बाय २४ मिमी असते. ती ८ बाय १० इंचांचा कागद भरेल अशी मोठी केली, तर लांबीतले ६ मिमी बाहेर राहतात. म्हणजे सहावा हिस्सा. आजी नेमकी त्यात होती. शिवाय भिंतीवरची रंगीत प्रिंट उजेडानं फिकी पडते. अंधारात नीट ठेवलेली निगेटिव्ह बरीच टिकते.

आता पद्धत. नुसती प्रिंट असेल तर साधा फ्लॅटबेड स्कॅनर पुरतो. ४ बाय ६ इंचांच्या प्रिंटला ३०० डीपीआय ठीक. फोटो लहान असेल किंवा मोठा छापायचा असेल तर ६००. त्यापुढे बहुतेक वेळा फाइल फुगते, तपशील वाढत नाही.

निगेटिव्हला मागून उजेड लागतो. ऑफिसातल्या साध्या स्कॅनरला ती सोय नसते, म्हणून फिल्मची सोय असलेलाच घ्या. २४०० डीपीआयला ३५ मिमीची एक चौकट साधारण ३४०० बाय २२७० पिक्सेल देते. निगेटिव्ह शेकड्यांनी असतील आणि चांगला कॅमेरा असेल, तर मॅक्रो लेन्स आणि खाली एलईडी पॅनेल, हे काम झपाट्यानं होतं.

फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका. चित्राचा थरच काचेवर राहतो. तो काचेसकटच स्कॅन करा. अल्बममध्ये घट्ट बसलेल्या फोटोंना मोबाइल चालेल: खिडकीजवळचा उजेड, फ्लॅश बंद.

दुकानात देणार असाल तर आधी एकच पट्टी देऊन नमुना बघा. ‘धूळ आपोआप काढतो’ म्हणाले, तर कृष्णधवल निगेटिव्हसाठी ती सोय बंद ठेवायला सांगा. ती इन्फ्रारेडवर चालते. चांदीचा थर इन्फ्रारेड अडवतो आणि यंत्राला चित्रच धूळ वाटतं.

सुरुवात कुठून? फिल्मच्या डब्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर तिथून. ती फिल्म खराब होऊ लागली आहे. बाकीच्यांपासून वेगळी ठेवा.

मूळ स्कॅन टिफमध्ये ठेवा, पाठवायला जेपेग काढा. प्रिंटची मागची बाजूही स्कॅन करा. नावं-तारखा तिथेच असतात. एक प्रत दुसऱ्या गावी असू द्या. माझी इंदूरला बहिणीकडे असते.

आणि स्कॅन झालं म्हणून निगेटिव्ह टाकू नका. मी स्कॅन केलेल्या प्रिंटमध्ये आजी नव्हतीच. तेव्हा निगेटिव्ह रद्दीत गेली असती, तर ती तिथे उभी होती हेही आम्हाला कळलं नसतं.