शिंगं म्हणजे रानाचं प्रगतिपुस्तक

दोस्तांनो, तुमच्या आजीचा किंवा पणजीचा औषधांचा जुना डबा घरात असेल, तर तो एकदा उघडून बघा. वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, हळकुंड या मंडळींच्या घोळक्यात कधी कधी एक तपकिरी, खरखरीत तुकडा सापडतो. हाताला दगडासारखा टणक. पूर्वी कुणाचं अंग सुजलं किंवा बरगडीत दुखायला लागलं, की हा तुकडा सहाणेवर पाण्यात उगाळायचा आणि त्याचा लेप लावायचा. याचं नाव सांबरशिंग.

लेपाचं राहू द्या. दुखण्याखुपण्याला आता डॉक्टर आहेत. पण हा तुकडा मिळवण्यासाठी सांबराला मारलं असेल का हो? मारलंही असेल. पण मारलंच असेल असं मात्र नाही. कारण सांबराचा नर आपली शिंगं ठरावीक काळानं, बहुधा दर वर्षी, स्वतःच टाकून देतो!

चकित झालात ना? आपल्या बैलाचं शिंग बघा. बाहेरून आपल्या नखांसारख्या पदार्थाचं आवरण आणि आत हाडाचा खुंट. ते जन्मभर वाढतं आणि कधी गळत नाही. हरणाचं शिंग निराळं. ते म्हणजे भरीव हाडच असतं. ते गळतं आणि त्या जागी पुन्हा नवं उगवतं. एवढं मोठं हाड पुन्हा पुन्हा उगवायचं, म्हणजे खायची गोष्ट आहे का? खरं तर खायचीच गोष्ट आहे! कशी ते पाहू या.

एकाच रानात तिघं जण

मुंबईहून कर्जतची लोकल पकडली, की नेरळ सोडताच दोन्ही बाजूंना डोंगर दिसायला लागतात. कर्जत तालुक्यातल्या खांडस गावाहून भीमाशंकरला चढायच्या दोन वाटा आहेत, गणेश घाट आणि शिडी घाट. तुमच्यापैकी काही जण त्या वाटेनं गेलेही असतील. भीमाशंकरचं अभयारण्य 1985 साली जाहीर झालं. ते पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत पसरलेलं आहे. शेकरूसाठी ते प्रसिद्ध आहे, पण त्याच रानात सांबर आहे, भेकर आहे आणि पिसोरीही आहे.

या तिघांची मापं बघा. पिसोरीचं वजन तीन किलोच्या आसपास, म्हणजे जवळजवळ घरच्या मांजराएवढं. तिला शिंगं नसतातच. नराला वरच्या जबड्यात छोटे सुळे असतात. शास्त्रज्ञ तिला खऱ्या हरणांच्या कुळात धरत नाहीत. भेकर वीस-पंचवीस किलोचं. त्याची शिंगं वीतभरसुद्धा नसतात. धोका दिसला की ते कुत्र्यासारखं भुंकतं, त्यामुळे दिसायच्या आधी ऐकू येतं. आणि सांबर? भारतातलं सगळ्यात मोठं हरीण. पूर्ण वाढलेला नर सव्वादोनशे किलोच्याही वर जातो आणि त्याची शिंगं मीटरभर लांब होऊ शकतात.

आता एक गंमतीचं गणित. सांबराचं वजन भेकराच्या साधारण दहापट. पण अंगाची उंची मात्र दुपटीच्या थोडी वर. मग शिंगंही दुप्पट-अडीचपट लांब असायला हवीत ना? ती तर आठ-दहापट लांब असतात! म्हणजे अंग वाढतं त्याहून शिंगं कितीतरी जास्त वाढतात. मोठ्या हरणांच्या नरांमध्ये मादीसाठी झुंजी जोरात होतात, तिथं मोठं शिंग उपयोगी पडतं. भेकराला दाट झुडपांतून सुळकन निसटायचं असतं. त्याला मीटरभर शिंगं दिली, तर ते पहिल्याच करवंदीच्या जाळीत अडकून बसेल.

मखमलीतलं हाड

नवं शिंग उगवतं कसं? जुनं गळून पडलं, की कवटीवरच्या दोन खुंटांवर कोवळा कोंब येतो. त्यावर बारीक केसांची मऊ कातडी असते. तिला मखमल म्हणतात. तिच्यातून भरपूर रक्त खेळतं, त्यामुळे कोवळं शिंग हाताला कोमट लागेल. बैलाचं शिंग बुडाशी वाढतं, हे मात्र टोकाशी वाढतं. सस्तन प्राण्यांमध्ये इतक्या झपाट्यानं वाढणारं दुसरं हाड नाही. थंड देशांतल्या मोठ्या हरणांचं शिंग ऐन भरात दिवसाला दोन सेंटीमीटरपर्यंत वाढतं. तुमची उंची वर्षाला किती वाढते, ते जरा आठवा!

मग नराच्या अंगातलं टेस्टोस्टेरॉन नावाचं संप्रेरक वाढतं. शिंग कडक होतं, मखमल वाळते आणि नर झाडांवर घासघासून ती काढून टाकतो. झुंजींचा मोसम संपला, की संप्रेरक उतरतं आणि खुंटाजवळचा सांधा कमकुवत होतो. एक दिवस शिंग धप्पकन खाली!

आपल्याकडे बहुतेक सांबरांची शिंगं उन्हाळ्याच्या सुमारास गळतात आणि पावसाळ्यात, रान हिरवंगार असताना, नवी वाढतात. पण सगळ्यांची एकाच वेळी नाही. का? उत्तरेकडच्या हरणांना मोसम कळतो तो दिवसाच्या लांबीवरून. कॅनडातल्या विनिपेग शहरात उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसापेक्षा आठ तासांहून अधिक मोठा असतो. आपल्या कर्जतला हा फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. तिथलं घड्याळ कडक, आपलं जरा सैल!

पहिला हक्क पोटाचा

शिंगाला लागतं कॅल्शियम आणि फॉस्फरस. तेही थोडक्या दिवसांत आणि भरपूर. चरून तेवढं मिळत नाही. मग नर स्वतःच्या बरगड्यांतून आणि इतर हाडांतून ते उसनं घेतो! त्या काळात त्याची हाडं विरळ होतात, अगदी म्हाताऱ्या माणसांची होतात तशी. पुढे चांगलं खायला मिळालं की हे कर्ज फिटतं.

पण उसनं तरी किती घेणार? हरणाच्या घरखर्चात पहिला हक्क शरीराचा. जगणं, वाढणं, आजारातून उठणं हे आधी. शिल्लक राहील ती शिंगांना. म्हणून कोवळ्या वयातल्या नराला आधी साधा सुळका येतो. मग त्याला फाटा फुटतो आणि पूर्ण वाढलेल्या सांबराला दर शिंगाला तीन टोकं येतात. तिथून पुढे बहुधा टोकं वाढत नाहीत. म्हणून ‘जितकी टोकं तितकी वर्षं’ असं कुणी सांगितलं, तर खुशाल हसा. वय झालं की शिंगं पुन्हा बारीकही होतात.

म्हणजे शिंग कशानं मोठं होतं? तीन गोष्टींनी: वय, खाणं आणि आईबापांकडून आलेला वारसा. यातली खाण्याची गोष्ट किती खोल जाते, ते बघायला आपल्याला जरा दूर अमेरिकेत जावं लागेल.

पांढऱ्या शेपटीची हरणं

तिथं पांढऱ्या शेपटीचं हरीण कॅनडापासून पार दक्षिण अमेरिकेपर्यंत आढळतं. हरीण एकच, पण उत्तरेकडचा नर सव्वाशे किलोपर्यंत भरतो, तर फ्लोरिडाच्या दक्षिणेकडच्या छोट्या बेटांवरचा जेमतेम पस्तीस किलोपर्यंत! याचं एक कारण कार्ल बर्गमान या जर्मन शास्त्रज्ञानं 1847 साली सांगितलं. चहाचं पातेलं आणि बशी शेजारी ठेवा. बशीतला चहा आधी निवतो, हो ना? तसंच मोठ्या शरीराची ऊब लवकर जात नाही. म्हणून एकाच जातीच्या प्राण्यांत थंड प्रदेशातले बहुधा मोठे असतात. अर्थात हा नियम एका जातीपुरता. भेकराशेजारी सांबर का मोठं, हे त्यावरून सांगता येत नाही.

अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यातल्या शास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट तपासली. तिथल्या ब्लॅक हिल्स या डोंगराळ भागातली हरणं लहान चणीची. पूर्वेकडच्या शेतीच्या भागातली थोराड. त्यांनी दोन्हीकडची पाडसं आणून एकसारख्या उत्तम खाण्यावर वाढवली. डोंगरातली हरणं तरीही लहानच राहिली. तुम्ही म्हणाल, झालं, रक्तातच असणार! पण थांबा. त्याच खाण्यावर वाढलेल्या माद्यांना पुढे जी पिल्लं झाली, ती मोठी झाली, त्यांची शिंगंही वाढली. 2009 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. म्हणजे काय, तर पाडसाच्या पोटात काय जातं याच्याइतकंच त्याच्या आईला काय मिळालं होतं, यालाही महत्त्व आहे.

बघा, शाळेचं प्रगतिपुस्तक एका वर्षाचं असतं. हरणाचं शिंग म्हणजे रानाचं प्रगतिपुस्तक, आणि त्यात यंदाच्या गुणांबरोबर आईच्या काळचे गुणही मिळवलेले असतात!

बंदूक आणि मोजपट्टी

शिंगांच्या या डौलानंच हरणांवर संकट आणलं. इंग्रजांच्या काळात साहेब लोक शिंगं मोजपट्टीनं मोजत आणि भिंतीवर टांगत. लंडनच्या रोलंड वॉर्डनं तर 1892 साली जगभरच्या शिकारींच्या मापांचं पुस्तकच काढलं. एक मान्य करायला हवं. शिकाऱ्यांच्या नोंदींतून प्राण्यांची माहितीही जमली. मुंबईत 1883 साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सुरुवातीच्या सभासदांतही शिकारी होते.

पण सगळ्यात मोठं शिंग हवं, म्हणजे मरतो कोण? ऐन उमेदीतला, धट्टाकट्टा नर. कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतात रानमेंढ्यांच्या एका कळपाचा तीस वर्षं अभ्यास झाला. मोठ्या शिंगांचे मेंढेच मारले जात राहिले आणि पुढच्या पिढ्यांची शिंगं लहान होत गेली, असं त्या शास्त्रज्ञांनी 2003 साली दाखवून दिलं. जे हवं म्हणून मारलं, तेच कमी झालं!

अमेरिकेत हरणांची शिकार आजही परवाना काढून, ठरावीक मोसमात चालते. तिथं पुष्कळ ठिकाणी लांडगे उरले नाहीत. हरणं फार वाढली, तर चारा पुरत नाही आणि सगळीच खुरटतात. आपल्याकडे चित्र उलटं आहे. इथं बिबट्या आहे आणि सांबर मुळातच थोडं. पूर्वी सह्याद्रीच्या गावांतून हाका घालून पारध व्हायची. हाकेवाल्यांनी आरडाओरडा करत जनावर उठवायचं आणि दबा धरून बसलेल्यांनी टिपायचं. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. 1991 च्या दुरुस्तीनंतर हौसेखातर परवाना काढून शिकार करायची वाटही बंद झाली.

मग सांबराचं सगळं ठीक झालं? नाही. शिंगांचं खाणं आठवतंय ना? उन्हाळ्यात डोंगराला वणवा लावला, की नेमकं नव्या शिंगांच्या सुरुवातीलाच गवत आणि कोवळा पाला जळून जातो. खालापूरमधून द्रुतगती महामार्ग गेला, कर्जतभर फार्महाऊसांची कुंपणं उभी राहिली. चरायला आणि पाण्याला जायच्या वाटा तुटल्या. बंदुकीचा बार न उडताही हरीण खुरटू शकतं, आणि तेही एका नाही, दोन पिढ्या!

शिंग सापडलं तर?

समजा, तुम्ही खांडसच्या वाटेनं चढताय आणि पाल्यात एक गळलेलं शिंग दिसलं. काय कराल? उचलून दप्तरात टाकावंसं वाटेल. कुणालाही वाटेल. पण थांबा. एक तर कायद्यानं ते सरकारचं आहे. घरी नेणं हा गुन्हा ठरतो. आणि दुसरं, ते वाया गेलेलं नसतं. जवळून बघा, त्यावर खवणीनं खरवडल्यासारख्या रेघा दिसतील. त्या साळिंदराच्या दातांच्या! साळिंदर शिंगं कुरतडतं, कधी कधी हरणंही चघळतात. कर्जतकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एवढ्या पावसात मातीतला चुना धुऊन जातो. अशा रानात पडलेलं शिंग म्हणजे कॅल्शियमची ठेवच. ज्या रानानं दिलं, त्यालाच ते परत मिळतं.

तेव्हा फोटो काढा. शेजारी पट्टी ठेवून लांबी मोजा. टोकं किती, रेघा आहेत का, तारीख कुठली, हे वहीत लिहा आणि शिंग तिथंच राहू द्या. येताना वाटेतल्या ठाकरवाडीत किंवा कातकरवाडीत एखाद्या आजोबांशी दोन घटका बोला. सांबर पूर्वी कुठल्या पाण्यावर यायचं, भेकर कुठल्या अंगाला भुंकायचं, आता काय दिसतं, ते विचारा. त्यांना जे ठाऊक असतं, ते पुष्कळदा कुठंच लिहिलेलं नसतं.

आणि हो, घरी आल्यावर आजीच्या डब्यातला तो तुकडा पुन्हा एकदा हातात घेऊन बघा. कुठल्या तरी पावसाळ्यात कुठल्या तरी डोंगरावर उगवलेलं गवत आहे ते!