सुटकेनंतर (लेखांक ५) : कडी कोणाच्या हातात?

कुंटणखान्यावरच्या धाडीपासून न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरच्या जबाबापर्यंत आपण मागच्या आठवड्यात आलो. तिथून मुलीची रवानगी महिलागृहात होते आणि वर्तमानपत्रातली बातमी संपते. मन सावरण्याचं काम मात्र तिथून पुढे सुरू होतं.

फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईत कामाठीपुऱ्यातल्या कुंटणखान्यांवर मोठ्या धाडी पडल्या. शेकडो मुली सोडवल्या गेल्या. त्यांत नेपाळच्या पुष्कळ होत्या. त्यांना परत न्यायला नेपाळ सरकार पुढे येईना. एचआयव्हीची भीती होती, नागरिकत्वाच्या कागदांचा प्रश्न होता. त्या महिनोन्महिने सरकारी गृहांत अडकून पडल्या. अखेर जुलैमध्ये स्वयंसेवी संस्थांनी १२८ जणींना काठमांडूला नेलं.

या मुलींच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. कधी उठायचं, काय खायचं, कोणाशी बोलायचं, हे काल कुंटणखान्याची घरवाली ठरवत होती. आज अधीक्षक ठरवतात. अशा वेळी मुलगी खोटं नाव सांगते, जेवणाचं ताट सरकवते, घरवालीचीच बाजू घेते, संधी मिळाली की पळते. कर्मचारी म्हणतात, ‘नाटकं करते.’ माझ्या मते ही नाटकं नव्हेत. याच सवयींनी तिला तिथे जिवंत ठेवलं होतं.

ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ स्त्रीने १९९२ साली आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग घडलेलं आठवून त्याचा शोक, मग माणसांशी पुन्हा नातं. आपल्याकडे घाई दुसऱ्या टप्प्याची. खटल्यासाठी तिची कहाणी पोलीस, वकील, डॉक्टर सगळ्यांना हवी असते, आणि धड झोपही लागत नसताना ती तिला पुन्हापुन्हा सांगावी लागते. जाणत्या समुपदेशक पहिल्या भेटीत त्या कहाणीला हातच लावत नाहीत. त्या विचारतात, ‘दार लावू की उघडं ठेवू? कुठे बसशील?’ नको म्हटलं तरी कोणी मारत नाही, हे अंगात मुरायलाच कित्येक महिने जातात.

पण गृहात राहायचं की नाही, हे तरी तिच्या हातात असतं का? १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यानुसार सुटका झालेल्या स्त्रीला एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवता येतं. सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध ठेवलं असेल, तर अशी प्रकरणं तपासून तिच्या सुटकेचा विचार व्हावा, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितलं. या आदेशाची अंमलबजावणी प्रत्येक जिल्ह्यात मागितली पाहिजे.

नेपाळला परतलेल्यांपैकी काही जणींनी १९९६ मध्येच ‘शक्ती समूह’ ही स्वतःची संघटना उभी केली. नोंदणी व्हायला २००० साल उजाडलं. आपल्यासारख्या इतर मुलींसाठी निवारा, समुपदेशन, कायद्याची मदत हे सगळं त्या स्वतः चालवू लागल्या. २०१३ मध्ये या संघटनेला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मदत घेणारी बाई मदत देऊ लागते तेव्हा तिच्या मनात काय बदलतं, ते पुढच्या लेखात पाहू.