शिंजीर व फुलटोच्या : बांडगुळाचें बीं कोण नेतो ?

डहाणू व तलासरी तालुक्यांतील चिकू-आंब्यांच्या बागांत व लगतच्या रानांत अंगठ्याएवढे दोन पक्षी वारंवार दिसतात. दोघेही फुलांतील मध पितात व दोघेही बांडगुळाच्या फुलांवर येतात. त्यामुळें बांडगूळ पसरविल्याचा आळ कित्येक बागाईतदार दोघांवर सारखाच घेतात. हा समज दूर व्हावा म्हणून दोघांची ओळख येथें देत आहों.

शिंजीर सुमारें चार इंच लांबीचा असतो. लांब, बारीक व खालीं वांकलेली काळी चोंच ही त्याची मुख्य खूण होय. जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या हंगामांत दुरून काळा दिसतो. उन्हांत मात्र त्याचें अंग निळ्या-जांभळ्या तेजानें झळकतें. मादी पाठीवर मातकट व पोटाखालीं फिकट पिवळी असते. हंगाम सरल्यावर नरही तसाच दिसूं लागतो. फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळा पट्टा राहतो. पळस, पांगारा व सांवर फुलले म्हणजे शिंजीर तेथें हमखास सांपडतो. पिलांना तो किडे व कोळी चारतो. बांडगुळाच्या फुलांतील पराग तो वाहून नेतो हें खरें. पण त्याचें बीं पसरविणारा तो नव्हे.

तें काम फुलटोच्याचें. हा शिंजिराहूनही लहान, तीन इंचांहून किंचित् मोठा. त्याची चोंच आंखूड व फिकट मांसवर्णी असते. नर-मादी सारखींच, वरून राखट-हिरवट व खालून मळकट पांढरीं. अंगावर चकाकी मुळींच नाहीं. ‘चिक्-चिक्’ करीत तो एका बांडगुळावरून दुसऱ्यावर जातो. बांडगुळाचें पिकलेलें फळ त्यास फार प्रिय. त्याचें चिकट बीं तो फांदीवर घासून टाकतो. तेथेंच तें रुजतें व त्याचीं शोषक मुळें फांदींत शिरतात.

मग फुलटोच्यास मारावें काय ? मुळींच नाहीं. दोन्ही पक्ष्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें अभय आहे. शिवाय फळच नसेल तर बीं येईल कोठून ? बांडगूळ फुलावर दिसतांच, फळ पिकण्यापूर्वीं, जोडाच्या खालीं फूटभर फांदीसह कापावें. नुसतें वरून तोडल्यास तें पुन्हां फुटतें. कापण्यापूर्वीं फांदीस कचऱ्यासारखें लोंबणारें शिंजिराचें घरटें नाहीं ना, हें पहावें. आणि हें काम शेजाऱ्यांनीं मिळून करावें; कारण पक्ष्यास बागेचा बांध ठाऊक नसतो.