टायरची रुंदी, रिमचे माप आणि कायदा

उचगावजवळून जाणाऱ्या पुणे-बंगळूर महामार्गावर रुंद टायरांच्या मोटारी हल्ली वारंवार दृष्टीस पडतात. परंतु टायर रुंद झाला तरी तो ज्या लोखंडी वा अॅल्युमिनियमच्या रिमवर बसतो, तिची रुंदीही त्यास अनुरूप असावी लागते, याचा विचार क्वचितच होतो. २०५/५५ आर १६ या मापाच्या टायरास साडेपाच ते साडेसात इंच रुंदीची रिम चालते. रिम अर्ध्या इंचाने बदलली की टायरची रुंदी सुमारे ५ मिलिमीटरने बदलते. रिम अरुंद असल्यास टायरच्या भिंती आत ओढल्या जाऊन मधला भाग फुगतो व लवकर झिजतो. ती अतिरुंद असल्यास भिंती ताणल्या जातात, खड्ड्याचा आघात थेट रिमवर बसतो आणि हवा कमी असता वळणावर टायर रिमवरून निसटण्याचा संभव वाढतो.

१९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या फेरफारास मज्जाव करते, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये या कलमाचा असाच कठोर अर्थ लावला. १९८९ च्या केंद्रीय नियमावलीतील नियम ९५ टायरचा आकार व भारक्षमता यांवर बंधन घालतो. तेव्हा नवा टायर वा रिम घेण्यापूर्वी निर्मात्याच्या पुस्तिकेतील मान्य मापे पडताळून पाहणे, हाच सुरक्षिततेचा आणि कायद्याचाही मार्ग होय.