'अर्धसत्य' : लाच न घेणाऱ्या अधिकाऱ्याचे भ्रष्ट होणे

प्रस्तावना
पोलीस अधिकाऱ्याचा भ्रष्टाचार म्हटला की सामान्यतः लाचखोरीच डोळ्यांसमोर येते. गोविंद निहलानी दिग्दर्शित 'अर्धसत्य' (१९८३) हा हिंदी चित्रपट या रूढ कल्पनेला छेद देतो. मुंबई पोलीस दलातील उपनिरीक्षक अनंत वेलणकर (ओम पुरी) पैशाला विकला जात नाही. तरीही तो भ्रष्ट होतो. ही प्रक्रिया कशी घडते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मराठी साहित्याशी नाते
चित्रपटाचा आधार श्री. दा. पानवलकर यांची 'सूर्य' ही मराठी कथा असून पटकथा विजय तेंडुलकर यांची आहे. दिलीप चित्रे यांच्या कवितेवरून चित्रपटास शीर्षक लाभले. महाविद्यालयात साहित्य शिकविणारी ज्योत्स्ना (स्मिता पाटील) ती कविता वेलणकरला वाचावयास देते. कवितेतील चक्रव्यूहाची प्रतिमा म्हणजे वेलणकरच्या कोंडीचे सूत्रच होय.

अध:पतनाच्या पायऱ्या
वेलणकरला पुढे शिकावयाचे होते. परंतु पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या वडिलांच्या सक्तीमुळे तो या नोकरीत येतो. आईला मारहाण करणाऱ्या वडिलांसमोरची बालपणीची हतबलता त्याच्या मनात साचून राहिली आहे.

कर्तव्य बजावल्याबद्दल निलंबनाची वेळ येते, तेव्हा वरिष्ठ अधिकारी हैदर अली (शफी इनामदार) त्याला दिल्लीपर्यंत वजन असलेल्या मध्यस्थाकडे नेतो आणि प्रकरण मिटते. येथे पैशाचा व्यवहार महत्त्वाचा नाही. प्रामाणिक कृतीच्या रक्षणासाठीही वशिला लागतो, हे सत्य वेलणकर मनाविरुद्ध स्वीकारतो. कायद्यावरील विश्वासाला पहिला तडा जातो तो येथेच.

दुसरी पायरी हिंसेची आहे. गुंडगिरीतून राजकारणात शिरलेला रामा शेट्टी (सदाशिव अमरापूरकर) कायद्याच्या कक्षेबाहेरच राहतो. एका दरोडेखोरास पकडल्याचे श्रेयही दुसऱ्याच अधिकाऱ्यास मिळते. बलवानावर हात टाकता येत नाही, म्हणून वेलणकरचा संताप दुर्बलावर कोसळतो. रेडिओ चोरल्याचा संशय असलेला एक किरकोळ चोर कोठडीत त्याच्या मारहाणीने मरण पावतो. या मृत्यूतून वाचण्यासाठी वेलणकर ज्याच्याकडे जातो, तो रामा शेट्टीच असतो. साहाय्याच्या मोबदल्यात शेट्टी त्याची निष्ठा मागतो. वेलणकर त्याचा गळा आवळतो आणि पोलिसांच्या स्वाधीन होतो.

शेवटाचा अर्थ
हा शेवट सामान्यतः अन्यायाविरुद्धचा उद्रेक म्हणून पाहिला जातो आणि प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. तथापि दोन्ही मृत्यू एकाच हातून, चौकशी व न्यायनिवाडा यांना वगळून झालेले आहेत. शेट्टीच्या मृत्यूचे समाधान मानणाऱ्या प्रेक्षकाला रेडिओचोराचा मृत्यू वेगळ्या मापाने मोजता येणार नाही. वेलणकरचे स्वाधीन होणे हीच त्याने कायद्याला दिलेली अखेरची, अपुरी कबुली आहे. 'अर्धसत्य' हे शीर्षक याही अर्थाने सार्थ ठरते.

कायद्याचा संदर्भ
१९७७ साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९८१ पर्यंत आठ अहवाल सादर केले. पोलिसांच्या कामातील राजकीय हस्तक्षेप हा त्यांतील एक प्रमुख विषय होता. कोठडीतील अत्याचारांबाबत सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ साली अटकेसंबंधी ११ बंधने घालून दिली. तर प्रकाश सिंह खटल्यात २००६ साली पोलीस सुधारणांसाठी सात निर्देश दिले. पहिल्या निर्णयाचा रोख कोठडीवर होता, तर दुसऱ्याचा मुख्यतः पोलीस दलावर येणाऱ्या बाह्य दबावावर. चित्रपटाने हे दोन्ही प्रश्न १९८३ सालीच एका व्यक्तीच्या आयुष्यात गुंफले होते.

निष्कर्ष
'अर्धसत्य'मध्ये भ्रष्टाचार हा केवळ एका व्यक्तीचा दुर्गुण नाही. वरच्याच्या मर्जीवर जगणे आणि खालच्यावर हात उगारणे या एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू आहेत. व्यक्तिगत सचोटी आवश्यक असली, तरी ती पुरेशी नसते. अधिकाऱ्याला दबावापासून संरक्षण आणि आरोपीला अधिकाऱ्यापासून संरक्षण ही दोन्ही एकत्र मिळाली, तरच तिला अर्थ उरतो.