ओहमचा नियम आणि वीजहानीचे गणित : चंडीगढच्या निमित्ताने

१ फेब्रुवारी २०२५ रोजी चंडीगढ या केंद्रशासित प्रदेशातील वीज वितरणाची जबाबदारी प्रशासनाच्या वीज विभागाकडून खासगी कंपनीकडे गेली. केंद्रशासित प्रदेशांतील वितरणाच्या खासगीकरणाची घोषणा मे २०२० मध्ये झाली होती. तिच्या विरोधात फेब्रुवारी २०२२ मध्ये कर्मचाऱ्यांनी संप केला, तेव्हा शहराचे अनेक भाग एक दिवसाहून अधिक काळ अंधारात होते. वितरणाच्या मालकीविषयीच्या अशा प्रत्येक चर्चेत ‘वीजहानी’ हा शब्द हमखास येतो. मात्र या हानीचा किती भाग निसर्गनियमामुळे होतो आणि किती व्यवस्थापनामुळे, हे समजण्यासाठी शालेय भौतिकशास्त्रातील दोन सूत्रे पक्की असावी लागतात.

जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, तापमान स्थिर असताना वाहकातील विद्युतधारा त्याच्या दोन टोकांमधील विभवांतराच्या प्रमाणात असते. विभवांतराला (व्होल्ट) विद्युतधारेने (अँपिअर) भागले की रोध (ओहम) मिळतो, तर त्या दोहोंचा गुणाकार केला की शक्ती (वॅट) मिळते. घरातील २,००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर धारा घेतो. त्याचा रोध २६.४५ ओहम येतो. दाब २०० व्होल्टपर्यंत उतरला, तर हाच गिझर जेमतेम १,५१२ वॅट शक्ती देईल. दाब १३ टक्क्यांनी घटला, शक्ती मात्र २४ टक्क्यांनी. कारण रोध कायम असता शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. पंखा, पंप, वातानुकूलन यंत्र यांच्या बाबतीत हे गणित इतके सरळ नाही. तेथे गुणाकाराला पॉवर फॅक्टरनेही गुणावे लागते.

आता वाहिनीकडे वळू. सौरऊर्जा वगळता चंडीगढची स्वतःची उल्लेखनीय वीजनिर्मिती नाही. भाक्रा प्रकल्पासह बाहेरच्या केंद्रांतून येणारी वीज उच्च दाबाने शहरापर्यंत पोहोचते आणि पुढे टप्प्याटप्प्याने दाब उतरवत घराघरात जाते. एवढा खटाटोप कशासाठी? समजा, १०० किलोवॅट शक्ती एका सिंगल फेज वाहिनीतून पाठवायची आहे आणि जाणाऱ्या व परतणाऱ्या तारेचा मिळून रोध ०.०५ ओहम आहे. सोयीसाठी पॉवर फॅक्टर १ मानू. २३० व्होल्टवर धारा सुमारे ४३५ अँपिअर होईल. धारेचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे सुमारे ९,४५० वॅट शक्ती तारेतच उष्णता होऊन जाईल. तीच शक्ती ११ हजार व्होल्टने पाठवली, तर धारा ९.१ अँपिअरच राहते आणि हानी अवघी ४ वॅट.

येथे अनेक विद्यार्थी अडखळतात. शक्तीचे दुसरे सूत्र दाबाचा वर्ग भागिले रोध असे आहे. मग दाब वाढवल्यास हानी वाढायला नको का? वरील उदाहरणात २३० चा वर्ग ०.०५ ने भागला, तर हानी १० लाख ५८ हजार वॅट येते, म्हणजे पाठवलेल्या शक्तीच्या दहापटीहून अधिक. उत्तर अशक्य आहे, कारण त्यात चुकीचा दाब वापरला आहे. २३० व्होल्ट हा वाहिनी आणि ग्राहक या दोघांवर मिळून असलेला दाब. तारेच्या स्वतःच्या रोधावर त्यातील २१.७४ व्होल्टच खर्च होतात. त्याचा वर्ग ०.०५ ने भागावा, म्हणजे तेच ९,४५० वॅट मिळतात. सूत्रे दोन्ही बरोबर आहेत; दाब, धारा आणि रोध एकाच घटकाचे घ्यावेत, एवढेच पथ्य.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने या वर्गसंबंधाकडे अधिक बारकाईने पाहावे. २३० व्होल्टच्या उदाहरणात सरासरी हानी ९.४५ टक्के आहे. परंतु हानी धारेच्या वर्गाने वाढत असल्याने सीमांत हानी त्याच्या दुप्पट, म्हणजे जवळपास १९ टक्के पडते. जूनच्या दुपारी, पारा ४० अंशांवर असताना, चंडीगढमधील वातानुकूलन यंत्रे एकदम सुरू होतात, तेव्हा शेवटच्या किलोवॅटची हानी सरासरीपेक्षा कितीतरी महाग असते. त्यात अ‍ॅल्युमिनियमचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो. धारा दुप्पट झाली आणि तार ४० अंशांनी तापली, तर हानी चौपट नव्हे, साडेचारपटीच्याही पुढे जाते. कमाल मागणीच्या वेळी वेगळा दर आकारण्यामागील एक कारण हेच.

चंडीगढचे क्षेत्रफळ जेमतेम ११४ चौरस किलोमीटर, वस्ती सेक्टरनिहाय आखलेली आणि शेतीपंपांचा भार नगण्य. अशा ठिकाणी लघुदाब वाहिन्या आखूड ठेवणे सोपे. महाराष्ट्रातील ग्रामीण भागात परिस्थिती नेमकी उलट आहे. एका रोहित्रावर अनेक कृषिपंप आणि लांबच लांब लघुदाब वाहिनी असली, की शेवटच्या शेतात दाब पडतो, पंपाची मोटर अधिक धारा ओढते, त्यामुळे दाब आणखी पडतो आणि अखेरीस मोटर किंवा रोहित्र जळते. म्हणूनच महावितरणने २०१८ मध्ये कृषिपंपांसाठी उच्चदाब वितरण प्रणालीची योजना हाती घेतली. तीत उच्चदाब वाहिनी शेतापर्यंत नेऊन एक-दोन पंपांसाठी स्वतंत्र छोटे रोहित्र बसवले जाते. खर्च अर्थातच जास्त, आणि तो वाचलेल्या युनिटांशी ताडून पाहावा लागतो.

वितरण कंपन्यांच्या अहवालांत दिसणारी ‘एकूण तांत्रिक व वाणिज्यिक हानी’ मात्र वरील सूत्रांतून काढता येत नाही. तिच्यात तारा व रोहित्रांतील हानीबरोबरच वीजचोरी, सदोष मीटर आणि थकलेली बिलेही धरलेली असतात. तार बदलून बिल वसूल होत नाही, तसेच मालकी बदलल्याने तारेचा रोध कमी होत नाही. त्यासाठी जाड तार, आखूड वाहिनी किंवा चढा दाब यांवरच पैसा खर्च करावा लागतो.